तुतारी वाजेपर्यंत

सालोमीमावशी रोज सकाळी मागचं दार उघडून आभाळाकडे बघायच्या आणि "आज नाही" असं म्हणून चहाचं आधण ठेवायच्या.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते लग्न होऊन कर्जतला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. आमची बैठी चाळ होती, कौलारू, आणि मागे प्रत्येकाला एवढंएवढं परसू. आमच्या आणि त्यांच्या परसात कमरेएवढी भिंत. मी पिंपातून पाणी काढायला मागे आले, तर पलीकडे एक बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. इस्त्रीची पांढरी साडी, घट्ट अंबाडा, तारेच्या काड्यांचा चष्मा. पूर्वेला घाटाच्या रांगेवर त्यांनी अशी नजर लावलेली, की वाटावं सिग्नल पडायचीच खोटी आहे.

"आज नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

नव्या नवरीने शेजाऱ्यांशी गोड बोलावं असं मला आईने बजावून पाठवलेलं. मी विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

"प्रभूची," त्या म्हणाल्या. "तो पूर्वेकडून यायचा आहे. आला म्हणजे आपल्या इथून पहिला घाटावर दिसेल. तू माईंची नवी सून ना? तुझं दूध उतू चाललंय बघ, वास येतोय."

दूध खरंच उतू गेलं होतं. चूल पुसता पुसता मी सासूबाईंना सगळं सांगितलं. आम्ही त्यांना माई म्हणायचो. माई जात्याच कमी बोलणाऱ्या, पण शेजारणीचा विषय निघाला की त्यांना शब्द कमी पडत नसत.

"ती रोज बघतेय," माई म्हणाल्या. "तिचा देव यायचा हाय. मी बघते तवापासून येतोय तो. तू नको तिथं उभी ऱ्हाऊस. आणि तिच्या घरचं पाणी प्यायचं नाय, आधीच सांगून ठेवते."

तेव्हा कर्जतला ख्रिस्ती घरं अगदी तुरळक. सालोमीमावशी मूळच्या नगरकडच्या. तरुणपणी त्या मिशनच्या एका दवाखान्यात नर्स होत्या, बाळंतपणाच्या खोलीत. मग रेल्वेतल्या गार्डशी लग्न झालं आणि घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांच्या नादात त्या कर्जतला आल्या. मूलबाळ नाही. यजमान मी यायच्या आधीच गेलेले. म्हणजे आपण 'गेलेले' म्हणायचं. सालोमीमावशींना तो शब्द मान्य नव्हता. त्यांच्या लेखी कुणी मरत नसे, वारत नसे, देवाघरीही जात नसे. माणूस झोपे. शेवटची तुतारी वाजेपर्यंत झोपे, आणि मग उठे. त्या हिशेबाने आता सालोमीमावशीही झोपलेल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल भूतकाळात लिहिताना मला जरा चोरट्यासारखं होतं.

या झोपण्यावरून एकदा भलताच प्रकार झाला. एक विम्याचा एजंट दारोदार फिरत आमच्या चाळीत आला. टाय लावलेला, हातात कातडी बॅग, घामाघूम. सालोमीमावशींच्या दारात जाऊन त्याने विचारलं, "मालक आहेत का?"

"आहेत की," मावशी म्हणाल्या. "झोपलेत."

बिचारा ओटीवर बसला. मावशींनी त्याला पाणी दिलं, चहा दिला. तो वर्तमानपत्र वाचत राहिला. आमची जेवणं झाली, भांडी झाली, मी दुपारी डाळ निवडायला पुढे आले तरी तो तिथेच. शेवटी त्याने दबकत विचारलं, "बाई, साहेब अजून उठले नाहीत?"

"नाही हो. तुतारी वाजल्याशिवाय नाही उठायचे."

त्याला वाटलं गिरणीचा भोंगा असतो तसं काही इथे असेल. "किती वाजता वाजते?"

"ते कुणालाच सांगितलेलं नाही," मावशी अगदी मनापासून म्हणाल्या. "तुमचं काय काम होतं?"

"त्यांचा विमा उतरवायचा होता."

"त्यांचा उतरलेला आहे," मावशी म्हणाल्या. "तुमचा उतरलाय का?"

पुढचा अर्धा तास त्यांनी त्याला जगाचा शेवट, न्यायाचा दिवस आणि सार्वकालिक जीवन समजावून सांगितलं. तो गेला तेव्हा त्याच्या बॅगेत मावशींनी दिलेली दोन पत्रकं होती आणि आंब्याच्या लोणच्याची एक बाटली. त्यांनी त्याची थट्टा केली असं मात्र कुणी समजू नये. यजमान झोपलेत हे त्यांना आपण 'बाहेर ऊन आहे' म्हणतो तितकं सरळ खरं वाटायचं.

लोणच्याचंही सांगायला हवं. जग आज ना उद्या आटोपणार असं रोज सकाळी तपासून बघणारी ही बाई दर उन्हाळ्यात वर्षाचं लोणचं घालायची. बरणीवर बरणी. परसात त्यांनी फणसाचं रोप लावलं, तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, याला फळ धरेपर्यंत प्रभू आला तर?"

"आला तर आला. तोवर झाडाला पाणी नको का घालायला?" आणि थोड्या वेळाने, झारी खाली ठेवून, "शिवाय तो आला आणि घरात काही नसलं तर त्याच्यापुढे ठेवू काय?"

हा 'तोवर' त्यांच्या बोलण्यात जागोजाग असे. प्रभू येईल, तोवर खिडकीच्या काचा पुसायच्या. मेलेले उठतील, तोवर जित्यांच्या जखमा धुवायच्या. चाळीत कुणाला ताप आला, कुणाची सुटका अडली, की हाक मावशींना. त्या यायच्या, हात धुवायच्या, आणि काम करता करता गाणी म्हणायच्या. त्यांचा आवाज एवढा मोठा होता, की त्यांनी परसात उपासनेचं गीत सुरू केलं म्हणजे स्टेशनवरचे हमालसुद्धा मान वळवायचे. सुराचं मी काही बोलत नाही. माझी थोरली त्यांच्याच हातावर झाली आणि त्यांचंच गाणं ऐकत झाली. ती जन्मल्यावर बराच वेळ रडायची थांबेना, त्याला कारण ते गाणंच असं माईंचं मत होतं.

पळसदरीच्या वाटेवर रेल्वेच्या जुन्या लोकांची एक लहानशी दफनभूमी होती. तिथे मावशींचे यजमान होते आणि त्यांच्या शेजारची जागा मावशींनी स्वतःसाठी ठरवून ठेवली होती. रविवारी प्रार्थना आटोपली की त्या तिथे जाऊन गवत काढायच्या. एकदा माई गावी गेल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी मला सगळ्यांची ओळख करून दिली. हे अमुक, हे तमुक, आणि पलीकडचा हा इंजिन ड्रायव्हर.

"याचं आणि माझ्या यजमानांचं कधी पटलं नाही," त्या म्हणाल्या. "उठल्या उठल्या दोघांची जुंपायला नको, म्हणून मी मधे झोपणार आहे."

मग त्यांना वाटलं, आपल्या जागेवरून घाट दिसतो की नाही हे एकदा बघून घ्यावं. गवतावर पदर पसरून त्या चक्क आडव्या झाल्या. हात छातीवर, डोळे मिटलेले. मी ओशाळून इकडेतिकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्या सरळ उठून बसल्या आणि समाधानाने म्हणाल्या, "दिसतो. छान दिसतो."

नेमका त्याच वेळी एक माणूस म्हशी घेऊन बाजूच्या वाटेने चालला होता. मी झाडाआड होते, मी त्याला दिसले नाही. त्याला दिसली ती थडग्यांमधून उठून बसणारी पांढऱ्या साडीतली बाई. म्हशी तिथेच राहिल्या, माणूस पळसदरी स्टेशनच्या दिशेने दिसेनासा झाला. आठवड्याभरात ही बातमी कळंबच्या बाजारापर्यंत पोचली. बाईचे पाय उलटे होते इथपासून ती रेल्वेचं तिकीट मागत होती इथपर्यंत.

मला वाटलं मावशींना वाईट वाटेल. त्या भलत्याच खूश झाल्या. "चला," म्हणाल्या, "तालुक्यात निदान एका माणसाने तरी पुनरुत्थान डोळ्यांनी बघितलं."

माईंचं आणि त्यांचं मात्र जमत नव्हतं. भांडण असं नाही. माईंनी एक रेघ ओढून ठेवलेली. दोन्ही परसांमधली भिंत हीच ती रेघ. भिंतीवरून बोलायचं, कढीपत्ता हवा तर तो भिंतीवर ठेवायचा, दुसरीने मागाहून उचलायचा. बाळंतपणासारखी अडीनडी सोडली, तर हाताला हात लागू द्यायचा नाही. मावशी हे सगळं निमूट पाळायच्या. कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत. आमच्याच घरात मला त्याची लाज वाटायची, पण माईंपुढे बोलायची माझी प्राज्ञा नव्हती.

आणि मग अष्टग्रही आली.

ज्यांना आठवत असेल त्यांना मी काय सांगणार? आठ ग्रह एका राशीत येणार, पृथ्वी बुडणार, असं देशभर झालं होतं. आमच्या कर्जतला एका ज्योतिषाने तर बुडायची वेळसुद्धा सांगितली होती, संध्याकाळची. देवळांतून होम चालले होते. लोकांनी प्रवास रद्द केले. आमचे हे खोपोलीला कारखान्यात होते, तिथे निम्मी माणसं रजेवर. माईंनी आठवडाभर आधीपासून जेवण टाकलं होतं. त्या माजघरात माळ घेऊन बसायच्या आणि मधेच थांबून विचारायच्या, "पाणी खालून येईल का वरून?"

सगळ्यांना वाटलं, सालोमीमावशींना आता आनंदाचं भरतं आलं असेल. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दारात आलं. पण मावशी चिडल्या होत्या.

"दिवस कुणाला सांगितलेला नाही," त्या भिंतीवरून सगळ्या चाळीला ऐकवत होत्या. "देवदूतांना नाही सांगितला. मग या ज्योतिषाला कुठून कळला? प्रभू असा आगाऊ बोंब मारून यायचा नाही. त्या दिवशी तर नक्कीच यायचा नाही. तुम्ही निवांत राहा."

त्या दिवशी दुपारपासून चाळीतली माणसं एकेक करून मावशींच्या परसात जमायला लागली. कारण साधं होतं. गावात न घाबरलेली तेवढी एकच बाई होती. तिच्याजवळ बसलं की बरं वाटायचं. कुणी पोरं घेऊन आलं, कुणी देवाची तसबीर घेऊन. मावशींनी सगळ्यांना चहा केला. पण रिकामी माणसं जास्त घाबरतात हे त्या दवाखान्यात शिकलेल्या. म्हणाल्या, "वालाच्या शेंगा भरपूर आहेत. आपण पोपटी लावू."

आता पोपटी ही आमच्या कुलाबा जिल्ह्याची गोष्ट. थंडीच्या अखेरीला वाल भरला की शेंगा मडक्यात भरून ते पाल्यापाचोळ्याच्या जाळात उपडं घालून भाजायचं. नगरच्या बाईला ते कुठलं जमायला? मावशींनी मडकं घेतलं, शेंगा ओतल्या आणि वरून तांब्याभर पाणी घालायला लागल्या.

माई भिंतीच्या अलीकडे उभ्या राहून हे बघत होत्या. जग बुडणार म्हणून त्या धाय मोकलायच्या बेतात होत्या, पण पोपटीत पाणी म्हटल्यावर त्यांना राहवेना.

"पाणी कुठं घालतेस गं त्यात?"

"मग शिजणार कसं?"

"वाफेवर शिजतं. भांबुर्डीचा पाला घाल आधी बुडाशी. ओवा कुठं हाय? मीठ?"

"माई, तुम्हीच सांगा, मी घालते."

माईंनी थोडा वेळ सांगून पाहिलं. मावशींनी पाला बाजूने खोचला, तो वर आला. ओवा एका जागी पडला. माई तळमळत होत्या. मग त्यांनी एकदम सगळ्या चाळीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, पदर खोचला आणि भिंतीला वळसा घालून मावशींच्या परसात आल्या. मडकं त्यांच्या हातातून काढून घेतलं. मी बघतच राहिले.

"सरक तिकडं," माई म्हणाल्या. "जगच ऱ्हायचं नाय, तर सोवळं कुणासाठी ठेवू? आणि मला चहा दे. सकाळपासनं घसा कोरडा पडलाय."

मावशींनी कपबशी दिली. हातात दिली. माईंनी उभ्या उभ्या चहा प्यायला आणि मडक्यात शेंगा थरावर थर लावत गेल्या. जाळ झाला. शेंगांचा वास सुटला. दिवस मावळला, ज्योतिषाने सांगितलेली वेळ आली, आणि तेव्हा आमच्या चाळीतली झाडून सगळी माणसं गरम शेंगा सोलून खात होती. वेळ टळून गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणीतरी कितीतरी वेळाने घड्याळ बघितलं आणि मग जो हशा पिकला तो आवरेना.

दुसऱ्या दिवशी जग होतं तिथेच होतं, आणि पंचाईत माईंची झाली. त्या सकाळी बराच वेळ मोरीत बसून होत्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "जग बुडणार म्हणून चहा प्याले मी तिच्या घरचा. आता जग तर ऱ्हायलं."

"मग?"

त्यांनी विचार केला. मग मागे जाऊन भिंतीवरून हाक मारली. "ए सालू. काल चहात आलं नव्हतं तुझ्या. आज घाल."

त्यानंतर दोघींचा दुपारचा चहा एकत्र व्हायला लागला. माई आपल्या गोष्टी सांगायच्या, मावशी आपल्या. दोघींनाही एकमेकींची श्रद्धा थोडी वेडगळ वाटायची आणि ते दोघी तोंडावर सांगायच्या. मावशींनी माईंना कधी 'तुम्ही आमच्यात या' म्हटलं नाही. एकदा मीच विचारलं, तर म्हणाल्या, "मी सांगते काय आहे ते. हाक मारायची असली तर तो मारील, त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे."

काही वर्षांनी माई अंथरुणाला खिळल्या. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं, नेलं, त्यांनी परत पाठवलं. आता काय ते घरीच. माईंना कुणी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. आणि त्या घाबरल्या. अष्टग्रहीला घाबरल्या होत्या ती भीती सगळ्यांबरोबरची होती. ही एकटीची होती. त्या माझा हात सोडत नसत. कुणी देवाचं नाव घ्या म्हटलं की तोंड फिरवायच्या.

सालोमीमावशी रोज सकाळी यायच्या, माईंचं अंग पुसायच्या, कुशीवर वळवायच्या, आणि उशाशी बसायच्या. गाणी नाहीत, पत्रकं नाहीत. एकदा मी त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले आणि म्हटलं, "मावशी, तुमचंही वय झालंय. रोज एवढं करता."

त्या थांबल्या. "माझे यजमान झोपले ना," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सगळे येऊन गेले आणि मी घरात एकटी राहिले. आशा वगैरे सगळं मला पाठ होतं, इतरांना सांगायची मी. त्या दिवशी एक शब्द आठवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मागचं दार उघडलं, तर भिंतीवर केळीच्या पानात दोन भाकऱ्या आणि वालाचं बिरडं. वर ताट झाकलेलं. आजूबाजूला कुणी नाही. संध्याकाळी पण. पुढे कितीतरी दिवस. मी जेवायला लागले, मग उठायला लागले. मग मला वाटलं, ज्याने मला एवढ्यातून उठवलं त्याला पुढचं जड नाही."

"कोण ठेवायचं?"

"तुझी सासू. तिने कधी कबूल केलं नाही, मी कधी विचारलं नाही."

एके दिवशी दुपारी मी माईंना पेज भरवत होते. मावशी उशाशी होत्या. माईंनी चमचा दूर केला आणि विचारलं, "सालू, तू लई माणसं मरताना बघितलीस. कसं असतं गं?"

मला वाटलं मावशी विषय बदलतील. त्यांनी नाही बदलला. "पाय गार पडत जातात," त्या म्हणाल्या. "श्वास जरा वेडावाकडा होतो. तसंच असतं, त्याला घाबरायचं नाही. माझे यजमान म्हणायचे, गाडी घाटात बोगद्यात शिरते तसं. काळोख होतो, पण गाडी चालूच असते. मग पलीकडे उजेड आणि खंडाळ्याची गार हवा."

माईंनी विचार केला. "मला बोगद्यात कोंडतं. धूर जातो नाकात. दुसरं कायतरी सांग."

मावशी हसल्या. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला. "बरं, दुसरं सांगते. मी इतकी बाळंतपणं केली. बाळ बाहेर यायला तयार नसतं. आत ऊब असते, त्याला वाटतं संपलं आता सगळं. केवढं ओरडतं. पण बाहेर कुणीतरी हात धरून उभं असतंच. मी तुला सांगते सगुणा, इतक्या वर्षांत एकही बाळ मी खाली पडू दिलेलं नाही. मला जमतं, तर त्याला नाही जमणार?"

सगुणा हे माईंचं नाव. मी ते रेशनकार्डावर वाचलं होतं, कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"तुमची माणसं त्या दिवशी मातीतनं उठणार," माई म्हणाल्या. "माझी राख होणार. मी कशातनं उठू?"

इथे मात्र सालोमीमावशी अडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच अडलेलं बघितलं. पुढच्या रविवारी लोणावळ्याहून त्यांचे पाळक प्रार्थनेला आले, तेव्हा मावशींनी त्यांना गाठलं. पाळक सज्जन होते, तरुण होते. त्यांनी बरंच काही सांगितलं, अमुक मत असं, तमुक मत तसं, आणि शेवटी हे देवाच्या हाती आहे म्हणाले. मावशी तिथून तडक आमच्याकडे आल्या, चपला न काढता माईंच्या खोलीपर्यंत.

"विचारून आले," त्या म्हणाल्या. "त्यांना नीटसं माहीत नाही. पण मी सगळ्या वाटेने विचार करत आले. ज्याने धुळीतून माणूस केला, त्याला राख काय जड? चिमूटभर असली तरी पुरे."

"नक्की?"

"मी तिथे असणार आहे. मी सांगेन त्याला. म्हणेन, ही माझी शेजारीण, हिने मला जेवू घातलं."

माईंचे डोळे मिटलेले होते. त्या म्हणाल्या, "मग उठलीस की मला हाक मार. मला आपणहून जाग येत नाय."

"मारीन."

"नावानं मार. माई म्हणून मारशील तर अर्धा तालुका उठून बसंल."

दोघी हसायला लागल्या. माईंना हसताना दुखायचं, तरी त्या हसत होत्या. मी पेजेचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभी राहिले, आणि मला रडू येण्याऐवजी हसूच येत होतं.

त्यानंतर माईंनी माझा हात घट्ट धरायचं सोडलं. आठवडाभरातच, सकाळच्या उन्हात त्या गेल्या. एका बाजूला आमचे हे होते, एका बाजूला मावशी. पाय गार पडायला लागले तेव्हा मावशींनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "सगुणा, हे तेच गं, मी सांगितलेलं." माईंनी मान हलवली. एवढंच.

राख सोडायला आम्ही उल्हास नदीवर गेलो. आमच्यात बायका जात नाहीत, पण मी गेले आणि मला कुणी अडवलं नाही. सालोमीमावशीही आल्या. सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. विधी झाला, गुरुजी गेले, पाव्हणे गेले. ह्यांनी हात धुतले. मावशी पुढे आल्या आणि काठावरचे खडक निरखायला लागल्या.

"नक्की कुठे सोडली?" त्यांनी ह्यांना विचारलं. "या खडकाशी की त्या?"

"या इथे. का मावशी?"

"जागा माहीत असलेली बरी. नंतर शोधत बसायला नको."

हे थकलेले होते. हळूच म्हणाले, "मावशी, नदी आहे ही. राख इथे कशी थांबेल?"

मावशींच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "मग कुठे जाते?"

"खाली. बदलापूर, कल्याण. पुढे खाडी, मग समुद्र."

"समुद्र." त्यांनी नदी जिकडे वळते तिकडे बघितलं. "मग मोठ्याने हाक मारावी लागेल."

त्या काठाशी गेल्या. निऱ्या एका हातात धरल्या आणि हाक मारली, "सगुणे." ज्या बाईचं गाणं स्टेशनपर्यंत जायचं, तिचा आवाज पलीकडच्या काठालाही पोचला नाही. त्यांनी खाकरून पुन्हा हाक मारली, "सगुणे, ऊठ गं," आणि शेवटचा शब्द अर्ध्यातच फुटला. मी पुढे होऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी चष्मा काढला, पदराने डोळे पुसले, मग काचा पुसल्या. इतरांना रडू नका म्हणणाऱ्या सालोमीमावशींना मी रडताना तेवढंच एकदा पाहिलं.

"आवाज बसलाय आज," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सुटेल."